गुलामगिरीवरच्या व्याख्यानाला जाताना तयारी काय करावी?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमध्ये इंजिनिअरिंग शिकताय, विद्यापीठात एका इतिहासकाराचं अटलांटिक गुलामव्यापारावर व्याख्यान आहे, शाळेनंतर इतिहास वाचलेला नाही, तर तयारी काय करावी आणि शेवटी काय विचारावं.

जरूर जा. आदल्या दिवशी दोनेक तास काढलेत तरी पुरे. हा माणूस कुठल्या कागदावरून बोलतोय, एवढ्याकडे कान ठेवा. गुलाम केलेल्यांनी स्वतः लिहिलेलं फार थोडं उरलंय. उरलेत ते व्यापाऱ्यांचे हिशेब, विम्याची कागदपत्रं, कोर्टाचे निकाल.

आधी ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’ हे संकेतस्थळ उघडा. ३६ हजारांच्या आसपास जहाजफेऱ्यांची नोंद तिथे फुकट पाहता येते. आफ्रिकेतून जहाजावर चढवलेल्यांचा अंदाज सुमारे १ कोटी २५ लाख आणि अटलांटिकपलीकडे अमेरिकेच्या बाजूला जिवंत उतरवलेल्यांचा सुमारे १ कोटी ७ लाख. नवखा श्रोता इथेच गोंधळतो, कारण वक्ता कधी हा आकडा घेतो, कधी तो. दोन्ही बरोबर आहेत. मधले अठरा लाख लोक वाटेत समुद्रावर मेले. दुसरा घोळ सालांचा. १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला, गुलामगिरी नव्हे. ती उठवणारा कायदा १८३३ चा, अंमल १ ऑगस्ट १८३४ पासून. तेव्हाही बहुतेकांना ‘उमेदवारी’च्या (अप्रेंटिसशिपच्या) नावाखाली १८३८ पर्यंत बिनपगारी राबवलं. नुकसानभरपाईचे २ कोटी पौंड मिळाले ते मालकांना, सुटलेल्यांना छदामही नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये फेडला.

‘ब्रूक्स’ जहाजाचं चित्र पडद्यावर येण्याची शक्यता बरीच आहे. लाकडी तळावर दाटीने आडवी मांडलेली माणसं, एका पुरुषाला जागा सहा फूट लांब आणि सोळा इंच रुंद. हे चित्र गुलामव्यापाराच्या विरोधकांनी प्रचारासाठी छापलं होतं. १७८८ च्या कायद्याने त्या जहाजाला ४५४ माणसांची मर्यादा घातली, तिच्या आधारे ते काढलंय. त्याआधीच्या एका फेरीत त्याच जहाजात ६०९ जण कोंबले होते. म्हणजे पाहून अंगावर काटा येतो ते चित्रसुद्धा खऱ्यापेक्षा सौम्य आहे.

‘झोंग’चा उल्लेख झाला तर कागदाचं महत्त्व नीट कळेल. १७८१ च्या अखेरीस या जहाजावरून १३० च्या वर जिवंत माणसं समुद्रात फेकली गेली. मालकांनी माणशी ३० पौंड विमा मागितला, विमेवाले नाकबूल झाले, म्हणून १७८३ मध्ये खटला उभा राहिला. तो पैशांचा दावा होता. खुनाचा खटला कुणावरही चालला नाही. विम्याचं भांडण झालं नसतं तर आज आपल्याला हे कळलंही नसतं कदाचित.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे वक्त्याचं म्हणणं, उजवीकडे त्याचा पुरावा. उजवी बाजू जिथे कोरी राहील तिथेच तुमचा प्रश्न आहे. रेकॉर्डिंग करायचं तर आयोजकांना आधी विचारा. जुन्या कागदांतले अपमानकारक शब्द वक्ता उद्धृत करील, आपण प्रश्नात ते उच्चारू नयेत. हल्ली नुसतं ‘गुलाम’ म्हणण्यापेक्षा ‘गुलाम केलेली माणसं’ या अर्थाचा ‘एन्स्लेव्ड पीपल’ शब्द वापरतात, आणि मला तो योग्य वाटतो. गुलामी ही त्यांच्यावर लादलेली होती, हे त्यात दिसतं.

प्रश्न दोन वाक्यांत संपवा. ‘गुलामगिरी तर सगळीकडेच होती’ हे मात्र विचारू नका. त्यात विचारण्यासारखं काही नसतं आणि ऐकणाऱ्याला ते झटकून टाकल्यासारखं वाटतं. आपल्याकडे पेशवाईत कुणबिणी आणि बटकी, म्हणजे गुलाम दासी, विकल्या जात, तशा नोंदी मराठी कागदांत आहेत; तो विषय काढायचा तर तुलनेसाठी काढा, ढाल म्हणून नको.

मी सुचवीन तो प्रश्न असा: “१८३३ च्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता आणि हिंदुस्थानातला कायदा १८४३ मध्ये आला. मॉरिशसमध्ये गुलामगिरी १८३५ मध्ये उठली, पण त्याच सुमारास हिंदुस्थानातून, मराठी मुलखातूनही, गिरमिटिया (करारबद्ध) मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांवर जाऊ लागले. या दोन्ही गोष्टी तुम्ही तुमच्या मांडणीत कुठे ठेवता, आणि त्यासाठी कुठले कागद पाहता?”