एमकॅस गेली, मग आता मुलाचं बघायचं काय?

पत्र: आम्ही अडीच वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून मॅसॅच्युसेट्समध्ये, वुस्टरजवळ राहायला आलो. मागच्या वर्षी ग्रीनकार्डही झालं. मुलगा इथल्या पब्लिक हायस्कूलमध्ये दहावीत आहे. एमकॅस ही राज्याची परीक्षा पास झाल्याशिवाय शाळा पूर्ण झाल्याचा डिप्लोमा न देण्याची अट रद्द झाल्याचं कळल्यापासून अभ्यासाचं नाव नाही. ‘डिप्लोमा तर मिळणारच आहे,’ म्हणतो. अकरावीनंतर गणित सोडणार आणि इलेक्ट्रिशियन होणार, असं त्यानं परवा जाहीर केलं. त्याचे बाबा तेव्हापासून त्याच्याशी धड बोलत नाहीत. बोर्डाची परीक्षाच नसेल, तर मुलगा कुठे आहे हे कळणार कसं? आणि असल्या डिप्लोम्याला पुढे कोण विचारणार?

उत्तर:

नमस्कार ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, बाकीचे त्यातूनच आलेत. आपण बोर्डाच्या निकालावर वाढलेली माणसं. गुणपत्रिका हातात पडली की पुढचं सगळं त्या टक्क्यांवर ठरायचं. एमकॅस लांबून तशीच दिसते, पण तिचं काम वेगळं होतं. ती किमान पातळीची परीक्षा होती. बहुतेक मुलं ती दहावीतच पार करत, आणि मग कॉलेजचा प्रवेश विभाग तिच्याकडे ढुंकूनही बघत नसे. तो बघतो ट्रान्सक्रिप्ट: नववी ते बारावीच्या चार वर्षांत कोणते विषय घेतले, कोणत्या पातळीचे घेतले, ग्रेड काय आल्या. हे काल होतं तसंच आज आहे. त्यामुळे डिप्लोम्याची काळजी सोडा, ट्रान्सक्रिप्टची करा.

थोडं मागचं सांगते, म्हणजे हे अचानक झालेलं नाही हे लक्षात येईल. जून १९९३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की श्रीमंत असो वा गरीब, प्रत्येक गावातल्या मुलाला पुरेसं शिक्षण मिळवून देणं ही राज्याची घटनात्मक जबाबदारी आहे. त्याच महिन्यात शिक्षण सुधारणा कायदाही झाला. व्यवहार सरळ होता. राज्यानं शाळांना जास्त पैसा द्यायचा आणि शाळांनी मुलं शिकल्याचं दाखवून द्यायचं. त्यातून एमकॅस आली, आणि २००३ च्या बॅचपासून ती पास झाल्याशिवाय डिप्लोमा मिळेना. अडकायची ती मुख्यतः इंग्रजी नव्यानं शिकणारी आणि विशेष गरजा असलेली मुलं. शिक्षक संघटनेनं मोहीम उभी केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे ५९ टक्के मतदारांनी ही अट काढून टाकली. एका परीक्षेपायी कुणाचा डिप्लोमा अडू नये, हे मला पटतं. पण तिच्या जागी राज्यभर सारखं असं काही न ठेवता ती काढली, हे मात्र पटत नाही. ग्रॅज्युएशनसाठी, म्हणजे हायस्कूल पूर्ण करायला, काय पुरेसं, हे आता प्रत्येक डिस्ट्रिक्ट, म्हणजे गावोगावचा शाळा विभाग, ठरवतं. गव्हर्नर मॉरा हीली यांनी जानेवारी २०२५ मध्ये राज्यव्यापी निकष सुचवायला समिती नेमली खरी, पण तिच्या भरवशावर तुमच्या दहावीतल्या मुलाचं नियोजन थांबवू नका.

आणि परीक्षा रद्द झालेली नाही, पास होण्याची सक्ती तेवढी गेली. हायस्कूलमध्ये एकदा चाचणी घ्यावीच लागते, तसा केंद्राचा कायदा आहे. तेव्हा दहावीत तो एमकॅस देईलच. निकालाचा कागद घरी आला की बाजूला टाकू नका. मुलगा कुठे आहे हे कळायला तो आजही चांगला आहे.

आता गणित. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूनं आहे, आणि चिरंजीवांना हा परिच्छेद मुद्दाम वाचून दाखवा. मॅसॅच्युसेट्समधल्या सरकारी विद्यापीठांना, म्हणजे यूमास आणि स्टेट युनिव्हर्सिट्यांना, हायस्कूलमधले किमान १७ कॉलेज-प्रेप, म्हणजे कॉलेजची तयारी करून घेणारे, कोर्स लागतात: इंग्रजी चार, गणित चार, लॅबसह विज्ञान तीन, सोशल स्टडीज दोन, एकाच परकीय भाषेचे दोन आणि ऐच्छिक दोन. गणिताच्या ओळीत एक खोच आहे, ती बऱ्याच घरांत उशिरा कळते. बारावीच्या वर्षातही गणित घेतलेलं असावं लागतं. राज्याचा ‘मासकोर’ नावाचा शिफारस केलेला अभ्यासक्रमही गणित चार वर्षं सांगतो, पण ती शिफारस आहे. शाळेला कमी चालत असेल तर शाळा डिप्लोमा देऊन मोकळी होईल आणि विद्यापीठ अर्ज बाजूला ठेवेल. मुलगा म्हणतो ते खोटं नाही, डिप्लोमा मिळेलही. त्या डिप्लोम्यावर पुढे कुठे जाता येईल, हा वेगळा प्रश्न आहे.

‘मला कुठे विद्यापीठात जायचंय?’ असं तो म्हणेल. ठीक. मग इलेक्ट्रिशियनचं बघू. इथे जर्नीमन, म्हणजे शिकाऊ काळ पूर्ण केलेल्या, इलेक्ट्रिशियनच्या लायसन्ससाठी किमान चार वर्षांत मिळून ८,००० तासांचं प्रत्यक्ष काम आणि ६०० तासांचं वर्गातलं शिक्षण लागतं, आणि वर परीक्षा. इलेक्ट्रिशियनांच्या युनियनच्या ॲप्रेंटिसशिपला, म्हणजे शिकाऊ उमेदवारीला, हायस्कूलमध्ये वर्षभराचा अल्जिब्रा पास झालेला असावा लागतो. आणि काम कसलं असतं, तर समजा वायरचा पाइप भिंतीवरून नेताना मध्ये अडथळा आला आणि पाइप चार इंच उचलून पुढे न्यायचा आहे. ३० अंशांत वाकवायचा, तर दोन वाकांमधलं अंतर आठ इंच. उंची गुणिले दोन, हे प्रत्येक इलेक्ट्रिशियनला तोंडपाठ असतं. तो ‘दोन’ म्हणजे ३० अंशांचा कोसेकंट, त्रिकोणमितीतलं एक गुणोत्तर, जो त्याला अकरावी-बारावीतच भेटणार आहे. ४५ अंशांत वाकवलं तर गुणक १.४. गणित सोडून इलेक्ट्रिशियन होतो म्हणणाऱ्या मुलानं हे काम एकदा जवळून पाहावं.

बाबांनाही दोन शब्द. हा धंदा हलका नाही. ॲप्रेंटिसला शिकता शिकता पगार मिळतो, कर्ज होत नाही, आणि हे काम दूर देशातून कुणी ऑनलाइन करून देऊ शकत नाही. ‘आम्ही अमेरिकेत कशासाठी आलो’ हे वाक्य मी अनेक घरांत ऐकते. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असताना ते वापरलं की तो दोनच गोष्टी शिकतो: गप्प बसायचं किंवा खोटं बोलायचं. तुमच्या मुलानं निदान सरळ सांगितलं.

खरी अडचण वेळेची आहे. इथली व्होकेशनल हायस्कूल, जिथे एक आठवडा वर्ग आणि एक आठवडा कार्यशाळा चालते, मुख्यतः नववीतच प्रवेश देतात, आणि तिथेही गर्दी असते. ती संधी बहुधा गेली. मात्र काही व्होकेशनल शाळा दुपारनंतर ‘आफ्टर डार्क’ नावाचे वर्ग चालवतात, दुसऱ्या हायस्कूलच्या मुलांसाठी. काही साध्या हायस्कूलमध्ये ‘इनोव्हेशन करिअर पाथवे’ असतो. त्यात तांत्रिक कोर्सबरोबर वरच्या पातळीचे कोर्स आणि १०० तासांची इंटर्नशिप किंवा शेवटी करायचा मोठा ‘कॅपस्टोन’ प्रकल्प असतो. तुमच्या शाळेत यातलं काय आहे, हे शाळेच्या गायडन्स काउन्सेलरला विचारा. मुलाचा ‘मायकॅप’, म्हणजे करिअर आणि अभ्यासाचा आराखडा, भरला आहे का हेही विचारा. पुष्कळ ठिकाणी तो नुसता ऑनलाइन पडून असतो.

पैशाचं थोडक्यात. २०२४ पासून राज्यातली १५ कम्युनिटी कॉलेजं, म्हणजे दोन वर्षांची सरकारी कॉलेजं, रहिवाशांना मोफत झाली आहेत. ग्रीनकार्ड असल्यानं तुम्हाला फाफ्सा, म्हणजे केंद्राच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज, भरता येईल, तो भरावाच लागतो. (एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर असलेल्या वाचकांनो, तुम्हाला फाफ्सा नाही, आणि मुलांना पगारी इंटर्नशिपही करता येत नाही. तुमचा हिशेब वेगळा.) कम्युनिटी कॉलेजमधून सरकारी विद्यापीठात क्रेडिट नेण्याची रीतसर सोय आहे, त्यामुळे विशीत त्याला इंजिनिअरिंगची ओढ लागली तरी रस्ता असेल, गणित असेल तर. एमकॅसच्या गुणांवर मिळणाऱ्या ॲडम्स स्कॉलरशिपचं नाव ऐकून हुरळू नका. ती फक्त ट्यूशन नावाची छोटी मूळ रक्कम माफ करत आली आहे, तिच्यावरची मोठी फी नाही. यूमास ॲमहर्स्टला तिची किंमत वर्षाला १,७१४ डॉलर होती, आणि तिथला ट्यूशन-फीचा एकूण खर्च १७ हजारांच्या वर.

आता करायचं काय, तर पुढच्या वर्षीचे कोर्स निवडायच्या आधी काउन्सेलरची वेळ घ्या. मुलाला सोबत न्या आणि बोलू द्या त्यालाच. दोन कागद मागून घ्या: आजवरचं ट्रान्सक्रिप्ट आणि डिस्ट्रिक्टच्या ग्रॅज्युएशनच्या अटी. शेजारी ते १७ कोर्स लिहून काढा, काय राहतंय ते तिथल्या तिथे दिसेल. अकरावीत अल्जिब्रा टू, बारावीत प्री-कॅल्क्युलस किंवा स्टॅटिस्टिक्स, एवढं गणित माझ्या मते ठरवून टाका. त्या बदल्यात उन्हाळ्यात त्याला एखाद्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनच्या ऑफिसात किंवा सामानाच्या दुकानात काम शोधू द्या. अठराच्या आतल्या मुलाला त्यासाठी वर्क परमिट लागतं. ते शाळा डिस्ट्रिक्टच्या कार्यालयातून मिळतं, तेव्हा त्याच दिवशी तो फॉर्मही घेऊन या.