घरी सुरीसाठी चामड्याचं म्यान शिवतोय. टाके दोनदा पात्यानेच कापले गेले. काय चुकतंय?

बहुधा मधली पट्टी राहिलीये. दोन थरांच्या मध्ये, धारेच्या बाजूने चामड्याचीच एक अरुंद पट्टी चिकटवा आणि तिन्ही थरांतून शिवा. मग धार दोऱ्यापर्यंत पोचतच नाही.

चामडं वनस्पतींच्या सालीने कमावलेलं घ्या, ३ मिमीच्या आसपास. क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं मऊ असतं, आकार धरत नाही, शिवाय पात्याला गंज चढवू शकतं.

शिवताना एकच मेणाचा दोरा, दोन्ही टोकांना सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया. एखादा टाका तुटला तरी शिवण उसवत नाही. मशीनच्या शिवणीचं तसं नाही. दोरा शिवणीच्या चौपट तरी घ्या. (संपत आलेला दोरा जोडणं म्हणजे वैताग.)

आकार द्यायला म्यान कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवा, सुरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत घाला, बोटांनी दाबा आणि सावलीत दिवसभर वाळू द्या. घाई करून उन्हात ठेवलंत तर चामडं कडक होऊन तडकतं. माझं पहिलं म्यान असंच वाया गेलं.

म्यानासोबत कमरेचा पट्टाही करणार असाल तर पँटच्या मापावर जाऊ नका. जुना पट्टा बकलच्या दुमडीपासून रोजच्या भोकापर्यंत मोजा.