क्लास लावूनही माझा मुलगा दमतो, कामवाल्या ताईंचा मुलगा दिवसभर पळतो. असं का?

तुम्ही लिहिलंय की आठ वर्षांच्या मुलाला फुटबॉल आणि पोहण्याचा क्लास लावलाय, तरी तीन जिने चढले की त्याला धाप लागते. घरी कामाला येणाऱ्या ताईंचा मुलगा त्याच वयाचा. क्लास वगैरे काही नाही, तरी दिवसभर पळत असतो. मग घरची परिस्थिती जितकी चांगली तितकी मुलांची हालचाल कमी, असं आहे का?

मी पुण्यात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. दिवसा महापालिकेच्या शाळेत असतो, संध्याकाळी बाणेरकडच्या एका सोसायटीत मुलांचे खेळ घेतो. त्यामुळे दोन्हीकडची मुलं रोज पाहतो. आठव्या वर्षी तुम्ही म्हणता ते बरंचसं खरं असतं. चौदाव्या वर्षापर्यंत मात्र चित्र बहुतेक वेळा पालटतं.

आधी तुमच्या मुलाचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी, छाती धडधडेल अशी हालचाल करावी. क्लास आठवड्यातून दोन-तीनदा, तासाभराचा. त्यात बूट बांधणं, रांगेत पाळीची वाट बघणं, पाणी पिणं हे वजा केलं तर खरं पळणं अर्ध्या तासाचं उरतं. बाकी दिवस व्हॅन, लिफ्ट, ट्यूशन, टॅब. खाली उतरावं तर पार्किंगमध्ये गाड्या आणि भिंतीवर ‘येथे बॉल खेळू नये’. कुणीतरी नेल्याशिवाय या मुलांचं अंग हलतच नाही. ताईंचा मुलगा शाळेत चालत जातो, गल्लीत क्रिकेट खेळतो, आणि घर पर्वतीच्या उतारावरच्या एखाद्या वस्तीत असेल तर पाण्याची कळशी घेऊन पायऱ्याही चढतो. याला व्यायाम कुणी म्हणत नाही, पण शरीराला तो लागू पडतोच.

तरीही तो सडपातळ आहे म्हणजे धडधाकट आहे, असं धरू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता-बालकांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती, पण त्यांच्यात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी टिकून होती. किडकिडीत पोरांनाही नियमित खेळ आणि पोटभर सकस जेवण लागतं, ते याचमुळे.

आता चौदाव्या वर्षाचं. माझ्याकडे आठवीतली एक मुलगी खो-खो खेळते. खांबावरून वळताना तिचा वेग जराही कमी होत नाही, भले भले तिच्या हुलकावणीला फसतात. सराव साडेपाचला, आणि नेमकं तेव्हाच वस्तीत पाणी येतं. आई दोन घरच्या पोळ्या करायला गेलेली, धाकटा भाऊ हिच्याकडे. कधी त्यालाच घेऊन येते आणि चपलांच्या ढिगाजवळ बसवून खेळते. बाकी दिवस येतच नाही. आमचा सराव मातीवर, अनवाणी. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. तिथे चांगली पकड असलेले बूट लागतात आणि या वयात ते वर्षभरात आखूड होतात. त्यात अंधार पडल्यावर घरी कोण सोडणार, मैदानाच्या कडेला टवाळ पोरं बसतात त्यांचं काय, पाळीच्या दिवसांत शाळेचं स्वच्छतागृह वापरण्यासारखं असतं का, हे सगळं आलंच. अशा मुली नववीत गेल्या की घरून ‘आता पुरे’ असा निरोप येतो. शिवाय अंगात रक्त कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. पळताना मागे पडणाऱ्या मुलीला आळशी म्हणताना मी शिक्षकांनाही ऐकलंय, तेव्हा फार वाईट वाटतं.

तिच्याच वयाची सोसायटीतली मुलगी बॅडमिंटनला जाते. बाबा सोडतात, आई आणते, पाय मुरगळला तर फिजिओ. गुण या मुलीत जास्त आहेत असं मला वाटत नाही. पैशाने तिला बूट मिळाले, पण त्याहून मोलाचा मिळाला मोठ्या माणसांचा वेळ.

सगळ्यांत कमी हालचाल मला मधल्या घरांत दिसते. आईबाबा दोघंही नोकरीला, क्लासची फी परवडत नाही, आणि गल्लीतल्या पोरांत मिसळायची परवानगी नाही. शाळा सुटली की मूल कडी लावून मोबाइल घेऊन बसतं. २०१६ च्या आकडेवारीनुसार भारतातली ११ ते १७ वयाची सुमारे ७४ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नव्हती. इतका मोठा आकडा एकट्या श्रीमंत घरांतून येणं शक्य नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात प्रत्येक शाळेला मैदान हवं असं आहे. पेठांतल्या कितीतरी शाळांना धड अंगणही नाही, आणि मोठी मैदानं शाळा सुटल्यावर कुलपात.

तुमच्या मुलाचा क्लास बंद करू नका. पण रोज संध्याकाळी तास-दीड तास त्याला प्रशिक्षकाविना खाली सोडा आणि पार्किंगचा एक कोपरा खेळायला मोकळा ठेवायचा विषय सोसायटीच्या सभेत मांडा. रविवारी वेताळ टेकडी चढा, तिथे फी नाही. ताईंना सांगा, मुलाच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना भेटून ठेवा. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात. संघात यायचं तर चौथी-पाचवीपासूनच सरावाला लागलेलं बरं. आणि ताई कामाला येतात तेव्हा त्यांचा मुलगा तुमच्या मुलाबरोबर खाली खेळू दे. वॉचमनला मात्र तुम्हीच आधी सांगून ठेवा, नाहीतर तो त्याला गेटवरूनच परत पाठवेल.