नॉर्वेच्या राजांच्या सागा: इतिहास की रचलेल्या कथा?

तुम्ही विचारलंय, नॉर्वेच्या राजांच्या सागांवर, म्हणजे मधूनमधून पद्यं असलेल्या मध्ययुगीन गद्य चरित्रकथांवर, इतिहास म्हणून कितपत विसंबावं? माझं मत सांगतो: कवितांवर बऱ्यापैकी, गद्यावर जपून, संवादांवर अजिबात नाही.

यातला सगळ्यात प्रसिद्ध ग्रंथ हेइम्सक्रिंग्ला. तो आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसोनने 1230 च्या सुमारास रचला असं मानतात. नॉर्वेचा राजा ओलाफ हाराल्दसोन स्टिक्लेस्टाडच्या लढाईत पडला 1030 मध्ये, म्हणजे मध्ये दोनशे वर्षं गेली. मग स्नोरीला कळलं कसं? दरबारी कवींच्या, स्काल्डांच्या, पद्यांमुळे. या पद्यांची मात्रा, अनुप्रास, ओळीतली यमकं इतकी घट्ट बांधलेली असतात की एक शब्द बदलला तरी कान अडखळतो. त्यामुळे ती तोंडी परंपरेत बरीचशी शाबूत राहिली. प्रस्तावनेत स्नोरी आणखी एक कारण देतो, आणि मला ते फार पटतं: राजासमोर त्याने न केलेल्या पराक्रमाची स्तुती गायली, तर ती थट्टाच ठरेल. स्टिक्लेस्टाडला तर ओलाफने कवींना ढालींच्या कड्याआड उभं केलं, म्हणजे त्यांना सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहता यावं, असं सागा सांगते. आणि हे कवी नुसते भाट नव्हते. ओलाफचा मुलगा मॅग्नुस बापाच्या शत्रूंवर सूड उगवू लागला, तेव्हा सिग्वात या स्काल्डाने त्याला भर कवितेत खडसावलं.

गद्य लिहिणारे मात्र राजसत्तेच्या फार जवळ होते. स्वेर्रे राजाच्या सागेचा पहिला भाग लिहिला जात असताना काय लिहायचं ते राजा स्वतः शेजारी बसून ठरवत होता, हे त्या सागेच्याच प्रस्तावनेत आहे. 1241 मध्ये स्नोरीची हत्या झाली, त्यामागे नॉर्वेच्या होकोन राजाचा हुकूम होता. पुढे त्याच होकोनची सागा लिहिली स्नोरीच्या पुतण्याने, स्टुर्लाने, आणि तीही होकोनच्या मुलाच्या सांगण्यावरून. ती वाचताना हे नातं क्षणभरही विसरू नका.

वाचायला सुरुवात करायची तर नॉर्वेचा राजा हाराल्द हार्द्रादा याच्या सागेपासून करा. तिची काही प्रमाणात पडताळणी करता येते. सागेत तो कॉन्स्टँटिनोपलला सगळ्या वारांगियन सैनिकांचा, म्हणजे बायझंटाईन सम्राटाच्या पदरी असलेल्या उत्तरेकडच्या सैनिकांचा, सरदार आहे. अकराव्या शतकातल्याच एका ग्रीक ग्रंथातही तो ‘अराल्तेस’ या नावाने भेटतो, पण त्याला मिळालेल्या पदव्या बेताच्या आहेत. तो तिथे होता हे खरं, हुद्दा फुगवलेला. सिसिलीतलं शहर पक्ष्यांना पेटत्या ढलप्या बांधून जाळल्याची गोष्ट मात्र खुशाल सोडून द्या. तीच युक्ती कीव्हच्या राणी ओल्गाच्या नावावरही सांगतात.