जुनं ऐक, पण मिरवू नकोस

जुन्या गाण्यांचा नाद तुला नुकताच लागलाय, म्हणून आधीच सांगतो. ‘आजकालच्या गाण्यांत राम नाही’ हे वाक्य लवकरच तुझ्या तोंडी येईल. माझ्या तिशीतच आलं होतं. भाचीनं काही न बोलता कानातला एक इयरफोन काढून माझ्या हातात दिला. गाणं चांगलं होतं. (मी कबूल केलं नाही, ते वेगळं.)

तेव्हाही बरंचसं टाकाऊच निघायचं. ते विसरलं गेलं आणि आपल्यापर्यंत चाळून उरलेलं आलं. विश्वास नसेल तर कुठल्याही एका जुन्या वर्षाची मिळतील तेवढी गाणी ओळीनं ऐक. चौथ्या-पाचव्यालाच जांभई येईल.

आणि ‘तेव्हाचे गायक खरे’ म्हणजे नेमके कधीचे? १९२५ च्या सुमारास मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण सुरू झालं, तेव्हा त्याच्या जोरावर हळुवार गाणाऱ्यांनाही नाकं मुरडली गेलीच. तीन मिनिटांच्या गाण्यालाही उगाच शास्त्र चिकटवू नकोस. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या दहा इंची तबकडीच्या (रेकॉर्डच्या) एका बाजूवर जेमतेम तेवढंच मावायचं.

कुणी ‘म्हातारा’ म्हणून चिडवलं तर वाद घालू नकोस. तुझं एक ऐकव, मग त्याचं एक ऐक. पूर्ण ऐक हं, मध्येच पुढे ढकलायचं नाही.