सरळ एक्स्टेन्शनसाठी टॉर्कचं माप बदलू नका

प्रश्न थोडक्यात असा: बोल्ट खोल खळग्यात आहे, तो १०० न्यूटन-मीटर टॉर्कला (टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर) आवळायचा आहे आणि २५० मिमीचं सरळ एक्स्टेन्शन, म्हणजे रेंच आणि सॉकेटच्या मध्ये बसणारा दांडा, लावल्याशिवाय सॉकेट तिथे पोचत नाही. एकाने सांगितलं की एक्स्टेन्शन टॉर्क खातं, म्हणून टॉर्क रेंच (ठरवलेल्या टॉर्कला पोचला की ‘टक्’ असा खटका देणारा पाना) ११० वर ठेवा. दुसऱ्याने सूत्र मांडून ६२ आकडा काढून दिला. कुणाचं ऐकायचं?

दोघांचंही नको. रेंच १०० वरच ठेवा.

ओला टॉवेल पिळताना एका टोकाला जेवढा पीळ द्याल तेवढाच दुसऱ्या टोकाला धरून ठेवावा लागतो. एक्स्टेन्शनचंही तेच आहे. दांडा पिळवटतो, हे खरं. १३ मिमी जाडीचा, २५० मिमी लांबीचा पोलादी दांडा १०० न्यूटन-मीटरला साधारण साडेसहा अंश पिळवटतो. म्हणून हँडल थोडं जास्त फिरवावं लागतं आणि हाताला लवचीक लागतं. ‘टॉर्क खातं’ हा समज बहुधा इथूनच येतो. पण जोर स्थिर असताना वरच्या टोकाचा टॉर्क आणि खालच्या टोकाचा टॉर्क एकच असतो. दोन एक्स्टेन्शनं जोडली, मध्ये अर्धा इंच ते तीन अष्टमांशचा अडॅप्टर आला, तरी हिशेब तोच.

इम्पॅक्ट गनची, म्हणजे ठोके देत बोल्ट फिरवणाऱ्या यंत्राची, गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे ठोक्याठोक्याने जोर जातो, आणि लांब, बारीक दांडा प्रत्येक ठोक्याचा काही भाग स्वतःच्या पिळात जिरवतो. टॉर्क स्टिक, म्हणजे गनचा जोर मर्यादित ठेवणारा खास दांडा, याच गुणावर चालते. गनचा हा अनुभव हाताच्या रेंचला लावला की ११० सारखे आकडे निघतात.

आता ते ६२. ते सूत्र खरं आहे, फक्त ते क्रोफूटसारख्या (रेंचच्या टोकाला लागणाऱ्या उघड्या तोंडाच्या पान्यासारख्या) जोडणीचं आहे, जिथे बोल्टचा मध्य रेंचच्या चौकोनापासून (सॉकेट जिथे बसतं त्या खुंटीपासून) हँडलच्या रेषेत बाजूला सरकतो. रेंचची लांबी, म्हणजे चौकोनाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत, ४०० मिमी आणि क्रोफूट सरळ पुढे ५० मिमी असेल, तर १०० गुणिले ४०० भागिले ४५०, म्हणजे रेंच ८९ वर ठेवायचा. क्रोफूट हँडलच्या काटकोनात लावला तर व्यवहारात दुरुस्ती लागत नाही. पण तुमचं एक्स्टेन्शन बोल्टच्या अक्षाच्या रेषेत उभं आहे. त्याची लांबी या सूत्रात घातली आणि ६२ वर थांबलात, तर बोल्ट सरळसरळ ढिला राहील.

खरी चूक होते ती हातामुळे, आणि माझ्या मते इथेच सगळं लक्ष द्यायला हवं. ४०० मिमीच्या रेंचवर १०० न्यूटन-मीटरसाठी मुठीत २५० न्यूटन ओढ लागते, म्हणजे सुमारे २५ किलोचा जोर. हा जोर बोल्टच्या डोक्यापासून २५० मिमी उंचीवर लागतोय, म्हणून बोल्ट फिरवण्याबरोबरच तो एक्स्टेन्शनला आडवं पाडायलाही बघतो. ती ओढ जवळजवळ ६३ न्यूटन-मीटरची! ती अडवली नाही तर सॉकेट तिरकं बसतं, षटकोनाचे कोपरे घासतात, दांडा खळग्याच्या कडेला टेकतो. त्या घासण्यात गेलेला टॉर्क बोल्टपर्यंत पोचत नाही, आणि रेंच मात्र वेळेवर टक् करतो.

म्हणून दुसरा हात रेंचच्या डोक्यावर, बरोबर एक्स्टेन्शनच्या माथ्यावर ठेवा आणि हँडल ओढाल तेवढ्याच जोराने तिथे उलट रेटा द्या. हात डोक्यावरच हवा. तो हँडलवर सरकला तर मापच बिघडतं. ओढणारा हात मुठीच्या मध्यावर ठेवा. हँडलला पाइप लावून लांबी वाढवणं टॉर्क रेंचवर करूच नका. आणि काम होईल असं सर्वात आखूड एक्स्टेन्शन निवडा, कारण आडवं पाडणारी ओढ लांबीच्या प्रमाणात वाढते.

युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोनात वळून फिरणारा सांधा, शक्य तोवर टाळा. १५ अंशाच्या कोनात टॉर्क फिरण्याच्या जागेनुसार साडेतीन टक्के इकडेतिकडे होतो, आणि ३० अंशात ही चूक १३ ते १५ टक्क्यांवर जाते. आयएसओ ६७८९ या टॉर्क रेंचच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १० न्यूटन-मीटरच्या वर खटक्याच्या रेंचला ४ टक्के अधिक-उणे चालतं. म्हणजे कोन मोठा असेल तर रेंच कितीही चांगला असून उपयोग नाही.

आटे कोरडे की तेल लावलेले, हे उत्पादकाने सांगितलंय तसंच ठेवा. लावलेल्या टॉर्कपैकी साधारण ९० टक्के घर्षणात जातो, त्यामुळे कोरड्या आट्यांचा आकडा तेलकट बोल्टला वापरला तर बोल्ट गरजेपेक्षा फार ताणला जातो.

शेवटचा फेरा एका संथ, सलग ओढीत पूर्ण करा. एक्स्टेन्शनच्या पिळामुळे खटका थोडा उशिरा येतो, तेव्हा घाईने हिसका देऊ नका. मध्येच थांबलात तर स्थिर घर्षणामुळे बोल्ट न हलताच टक् होऊ शकतं. अशा वेळी थोडा सैल करून पुन्हा आवळा. टक् झालं की तिथेच थांबा, खात्रीसाठी दुसऱ्यांदा ओढू नका. काम संपल्यावर रेंच त्याच्या सर्वात कमी मापावर आणून ठेवा, त्याच्या खाली नको.