अर्ध्या किमतीचं कोटेशन

तुम्ही लिहिलंय की दोन बेडरूमचं घर बोटीने दुसऱ्या देशात हलवायचंय, तीन कंपन्यांची कोटेशनं आलीत, त्यातलं एक बाकीच्या दोघांच्या जवळजवळ निम्मं आहे आणि तेच घेऊन मोकळं व्हावं असं घरात चाललंय. जरा थांबा. नऊ वर्षांपूर्वी मीही अशाच निम्म्या आकड्याला भुलले होते.

आधी हे सांगा, त्या निम्म्यावाल्यांनी घर पाहिलं का? बोटीने जाणाऱ्या घरसामानाचा भाव मुख्यतः आकारमानावर ठरतो, म्हणजे सगळा खेळ घनमीटरांचा. फोनवर ‘दोन बेडरूम ना, मग १५ घनमीटर’ असं कुणी ठोकून दिलं, तर तो आकडा तुम्हाला खूश करण्यासाठी काढलेला असतो. पॅकिंगच्या दिवशी तो २२ होतो, आणि तेव्हा तुमची घासाघीस करायची ताकद संपलेली असते, कारण घर रिकामं करायची तारीख उद्याची असते. चांगला सर्व्हेवाला कपाटं उघडतो, माळ्यावर डोकावतो, बाल्कनी पाहतो, यातलं काय नेणार नाही ते विचारतो. तिकडच्या घराला लिफ्ट आहे का, दाराशी ट्रक उभा राहील का, हेही विचारतो. व्हिडिओ कॉलवरचा सर्व्हे चालतो, पण प्रश्न हेच हवेत. आमच्याकडे आलेला माणूस दारातच उभा राहून ‘कल्पना आली’ म्हणाला होता. तिथेच मला कल्पना यायला हवी होती.

अंदाजासाठी सांगते: २० फुटी कंटेनरची आतली जागा सुमारे ३३ घनमीटर. सोफे, खुर्च्या रचताना फटी राहतातच, त्यामुळे प्रत्यक्षात २८च्या आसपास धरा. तुमचं सामान याहून बरंच कमी असेल तर ग्रुपेज सुचवतील, म्हणजे एका कंटेनरमध्ये चार-पाच घरांचं सामान. स्वस्त पडतं, पण कंटेनर भरेपर्यंत गोदामात पडून राहतं आणि तारखेची खात्री कुणी देत नाही. लहान मूल असेल तर हे आधी लक्षात घ्या.

आता माझी फजिती. आमची ‘कंपनी’ निघाली दलाल. पॅकिंगला दुसऱ्याच कंपनीची माणसं आली, आणि तिकडे सामान उतरवून घेणारा एजंट तिसराच. बोट लागल्यावर त्या एजंटचा मेल आला: बंदरावरची हाताळणी, कस्टम्सची कागदपत्रं, घरापर्यंतची वाहतूक, सगळे पैसे वेगळे. कोटेशन काढून पाहिलं, तर शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘डोअर टू पोर्ट’. मी ते ‘डोअर टू डोअर’ समजून वाचलं होतं. भांडण्यात दोन आठवडे गेले, तेवढ्यात गोदामाचं भाडं रोज चढत राहिलं. शेवटी एकूण आकडा तिघांतल्या सगळ्यात महागड्या कोटेशनच्याही वर गेला.

म्हणून तिघांनाही विचारा: तिकडचा एजंट कोण, नाव लेखी द्या. मग त्या एजंटला स्वतः मेल करा. या कंपनीशी तुमचं काम चालतं का, आणि आमच्या सामानाचे तिकडचे कोणते खर्च कोटेशनमध्ये धरलेत? हे एजंट सहसा खरं सांगतात. दुसऱ्याने लपवलेले पैसे आपल्या दारात गिऱ्हाइकाकडून वसूल करायचा त्यांनाही कंटाळा असतो. नाव द्यायलाच टाळाटाळ झाली, तर मी पुढे बोलणार नाही.

सदस्यत्वाचा लोगो वेबसाइटवर कुणीही चिकटवतो. फिडी ही १९५०पासूनची आंतरराष्ट्रीय मूव्हर्सची संघटना. तिचं फेम नावाचं प्रमाणपत्र ठरावीक काळाने तपासणी करून दिलं जातं. संघटनेच्या स्वतःच्या यादीत कंपनीचं नाव शोधा, आणि पत्ताही जुळवा, कारण एकाच नावाच्या दुसऱ्या शहरातल्या शाखेकडे प्रमाणपत्र असेलच असं नाही. आयएएम ही दुसरी मोठी संघटना, तिचीही सदस्ययादी पाहता येते. रिव्ह्यू वाचायचे तर सामान घरी पोचल्यानंतर लिहिलेले वाचा. पाच ताऱ्यांचे पुष्कळसे पॅकिंगच्या संध्याकाळी लिहिलेले असतात. मुलं हसतमुख होती, पटापट आवरलं वगैरे. तेव्हा बोट हललेलीही नसते.

विम्याबद्दल मात्र कंजुषी नको. ‘विमा आहे’ एवढं ऐकून मान डोलावू नका. बहुतेक सगळ्या प्रकारचं नुकसान धरणारा ‘ऑल रिस्क’ आहे की फक्त सगळं बुडालं तरच मिळणारा ‘टोटल लॉस’, ते पाहा. वस्तूची किंमत तिकडे नवी घ्यायला किती पडेल त्यावर धरा. स्वतः भरलेल्या खोक्यांतल्या फुटतुटीला बहुतेक पॉलिसी हात लावत नाहीत, म्हणून काचसामान त्यांच्याच माणसांकडून बांधून घ्या. जोडीतली एक वस्तू फुटली तर दोन्हींचे पैसे मिळतात का, बुरशीचं काय, क्लेम किती दिवसांत करायचा, हे लेखी विचारा. आणि ‘जनरल ॲव्हरेज’ त्यात आहे का, हेही. जहाज आणि सगळा माल वाचवायला जो असाधारण खर्च होतो तो मालवाल्यांनीही वाटून घ्यायचा, असा हा समुद्रावरचा जुना नियम. मार्च २०२१मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ अडकलं तेव्हा तो लागू झाला. जहाज सहा दिवसांत मोकळं झालं, पण ते जुलैपर्यंत तिथेच अडकवून ठेवलं होतं. अशा वेळी विमा असेल तर हमी विमा कंपनी देते. नसेल, तर स्वतःचीच खोकी सोडवायला तुम्हाला खिशातून अनामत भरावी लागते.

पैशांचं म्हणाल तर बुकिंगला थोडी रक्कम मागणं ठीक. पॅकिंगच्या आधीच सगळी रक्कम, तीही कुणाच्या वैयक्तिक खात्यात, मागणाऱ्याला सरळ नमस्कार करा.

लाकडी पेटी करणार असतील तर लाकडावर आयएसपीएम १५चा शिक्का हवा. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून किंवा दुसऱ्या मान्य पद्धतीने कीडमुक्त केलंय, याची ती खूण. हा विषय काढल्यावर समोरचा गोंधळला, तर तोही एक निकाल समजा. कस्टम्सची सवलत कुणाला, किती दिवसांत, हे देशागणिक बदलतं. त्या देशाच्या कस्टम्सच्या साइटवर स्वतः वाचा, कंपनीच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

पॅकिंगच्या दिवशी घरातल्या एकाने दुसरं काही करायचं नाही, फक्त यादीवाल्याच्या मागे फिरायचं. आमच्या बारा खोक्यांवर ‘किरकोळ’ लिहिलं होतं. त्यातलं एक आलंच नाही, आणि त्यात काय होतं हे आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही. चांगल्या टेबलापुढे ‘ओरखडे आहेत’ लिहिलं असेल तर सही करण्याआधी त्याच कागदावर हरकत लिहा. पूर्ण कंटेनर असेल तर त्याचा आणि सीलचा नंबर मोबाइलवर टिपून ठेवा. तिकडे सामान घेताना खोकी उघडली नसतील, तर पावतीवर ‘आतलं तपासलेलं नाही’ असं लिहूनच सही करा.

तेव्हा आज एवढंच करा: सामानाची एकच यादी तिघांना पाठवा, डोअर टू डोअर भाव मागा, आणि कुठले खर्च धरलेले नाहीत ते वेगळं लिहायला सांगा. निम्म्यावाल्यांचा आकडा त्यानंतरही निम्मा राहिला आणि एजंटनेही दुजोरा दिला, तर खुशाल घ्या. उत्तरं आली की नावं-पत्ते झाकून मला दाखवा, शेवटच्या पानापासून वाचून देते.